नवी पोथी, जुने पाठभेद

बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूर तालुक्यात नरवेल नावाचे एक गाव आहे. २२ जून १९०८ रोजी ह्या गावी विष्णु भिकाजी कोलते ह्यांचा जन्म झाला. पुढे ते नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९६७ साली भोपाळ येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. परंतु मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्यांचे नाव टिकेल ते ह्या मानसन्मानांपेक्षा महानुभावांच्या पोथ्या जुळवून, एकमेकींशी ताडून आणि त्यांचे पाठ निश्चित करून त्या छापण्याच्या कामामुळे. १९७८ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केलेले लीळाचरित्र हे त्या कामाचे सर्वांत मोठे फळ होय.

आज सुशिक्षित घरांतून हातात मावणाऱ्या पाटीएवढ्या यंत्रात शेकडो पुस्तके साठवून वाचण्याची सोय झाली आहे. ह्या सोयीबरोबर वाचकाच्या गळ्यात एक कामही येऊन पडले आहे. चुकीचे छापले गेलेले ग्रंथनाम सुधारणे, एकाच पुस्तकाच्या तीन प्रतींतून एक निवडणे, फुटलेली अक्षरे सांधणे, आणि हे सर्व झाल्यावर कोणती फाइल कोणती हे ध्यानात ठेवणे! वाचकाला हे काम अगदी नवे वाटते. वस्तुतः वऱ्हाडच्या भूमीत हेच काम सातशे वर्षांपूर्वी सुरू झाले, आणि त्यात जे जिंकले व जे हरले त्याचा इतिहास यंत्राच्या मालकाला उपयोगी पडण्यासारखा आहे.

लीळाचरित्र हा ग्रंथ म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरच्या पादात, अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे सिद्ध केला. श्रीचक्रधरस्वामींचा संचार ज्या मुलखात झाला त्यात आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर आणि लोणार ही दोन्ही गावे येतात. लोणार येथे यादव राजा कान्हरदेव ह्याची व स्वामींची भेट झाल्याचे लीळाचरित्रात वर्णन आहे. स्वामींच्या प्रयाणानंतर त्यांच्या आठवणी मागे राहिलेल्या शिष्यांच्या मुखी विखुरल्या होत्या. म्हाइंभटांनी ज्याच्या समक्ष जी घटना घडली त्याला ती विचारली, ऐकलेले नागदेवाचार्यांपुढे ठेवून पारखून घेतले, आणि मग लिहिले. मराठी गद्याचा हा आरंभकाळ. तरीही साक्षीदाराच्या जबानीविषयीची ही दक्षता पाहून आजच्या संशोधकाने मान डोलवावी.

ह्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. दोन शिष्यांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर एक खोडून दुसरी ठेवावी, असे ह्या परंपरेने केले नाही. अमक्याची 'वासना' अशी, तमक्याची अशी, असे नावानिशी नोंदवून दोन्ही पाठ मजकुराच्या अंगातच राहू दिले; मागाहून चौकशी करून जे कळले ते 'शोधु' ह्या शब्दाने वेगळे दाखविले. वासना म्हणजे येथे स्मरणाने आलेला पाठ. मूळ कोणते आणि भर कोणती, हे वाचणाऱ्याला पानावरच दिसे.

ह्या दक्षतेचे मोल लवकरच कळून आले. देवगिरीचे राज्य मोडले त्या धामधुमीत, चौदाव्या शतकाच्या आरंभी, महानुभाव ज्या आपत्तीला 'खालशाची धाड' म्हणतात तीत ग्रंथाची मूळ प्रत नाहीशी झाली. प्रत गेली, पण ग्रंथ लोकांच्या तोंडी होता. हिराइसा नावाच्या शिष्येला तो मुखोद्गत होता, असे परंपरा सांगते. तिच्या आणि इतरांच्या स्मरणावरून ग्रंथ पुन्हा उभा करण्यात आला. साहजिकच तो एकरूप राहिला नाही. निरनिराळ्या आचार्यांच्या परंपरेत त्याचे निरनिराळे पाठ झाले, लीळांची संख्या व क्रमही बदलले. मात्र हे पाठ ज्या त्या माणसाच्या नावाने ओळखले जाऊ लागले. हिराइसेचा पाठ म्हटला की तो कोठून आला हे सांगावयास नको. स्त्रीचे नाव ग्रंथाच्या पाठाला मिळावे, हा त्या काळचा विशेषच म्हणावा लागेल.

ह्यानंतर महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहिण्यास प्रारंभ केला. त्यांतील सकळ लिपी विशेष प्रसिद्ध असून तिचे श्रेय रवळोबासांना देण्यात येते. एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर लिहावयाचे, अशी तिची सर्वसाधारण रीत. किल्ली ठाऊक असलेल्याला ती सहज वाचता येई. इतरांस ती पोथी उघडी असून मुकी. परिणाम असा झाला की मराठीतील सर्वांत जुन्या गद्याचा मोठा ठेवा पंथाबाहेरच्या मराठी माणसाला सुमारे सहाशे वर्षे दिसलाच नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि 'महाराष्ट्र सारस्वत'कार वि. ल. भावे ह्यांच्या खटपटीने ह्या लिपीचे कोडे सुटले, आणि मग नागपूरच्या ह. ना. नेने ह्यांनी १९३६ पासून लीळाचरित्राचे भाग छापून प्रसिद्ध केले. शं. गो. तुळपुळे ह्यांची आवृत्ती त्यानंतरच्या पिढीची. कोलते ह्यांची ह्या दोहोंनंतरची.

संपादनाचा दुसरा एक मार्ग महाराष्ट्राला परिचित आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, एकनाथमहाराजांनी पैठण येथे ज्ञानेश्वरीच्या अनेक प्रती ताडून एक शुद्ध प्रत सिद्ध केली. ती इतकी सर्वमान्य झाली की आधीच्या प्रती हळूहळू वापरातून गेल्या. नाथांचे उपकार मोठे आहेत. त्यांच्यावाचून वारकऱ्यांच्या हाती काय पडले असते हे सांगवत नाही. तरी नाथांनी कोणत्या प्रतीतील कोणता शब्द टाकला आणि कोणता घेतला, हे आज कोणालाही दाखविता येत नाही. म्हणूनच राजवाड्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरीची नाथपूर्व म्हणून एक प्रत छापली तेव्हा केवढा वाद माजला! एका मार्गाने ग्रंथ स्वच्छ होतो, दुसऱ्याने तो तपासता येतो. कोलते ह्यांनी दुसरा मार्ग धरला. पोथ्या मिळवाव्या, शब्दाला शब्द लावून पाहावा, एक पाठ वर घ्यावा आणि राहिलेले पाठ पोथीच्या खुणेसह खाली द्यावे. वर्षानुवर्षे चाललेले हे काम डोळ्यांचे आणि धीराचे. त्यांचा निर्णय ज्याला पटला नाही, त्याला तो मोडून काढण्याची साधनेही त्याच पानावर ठेवलेली असतात.

आता यंत्रातील पुस्तकाकडे वळण्यास हरकत नाही. छापील ग्रंथ संगणकात उतरविण्याची कल्पना अमेरिकेत मायकेल हार्ट ह्यांनी ४ जुलै १९७१ रोजी, स्वातंत्र्याचा जाहीरनामा टंकून, प्रथम अमलात आणली. प्रोजेक्ट गुटेनबर्ग ह्या ग्रंथसंग्रहाचा तो आरंभ. वाचनयंत्रे घरोघरी जावयास आणखी पस्तीस वर्षे लागली. २००६ साली सोनी कंपनीचे पीआरएस-५०० हे यंत्र अमेरिकेत विक्रीस आले आणि २००७ च्या नोव्हेंबरात ॲमेझॉनचे किंडल. त्याच वर्षी ईपब ह्या सर्वमान्य फाइलप्रकाराची नियमावली प्रसिद्ध झाली. किंडलच्या भांडारात मराठी पुस्तकांचे दालन उघडले ते २०१६ च्या डिसेंबरात.

ईपब फाइल म्हणजे काय हे पोथी पाहिलेल्याला समजावून सांगणे सोपे आहे. पोथीची पाने शिवलेली नसतात. ती सुटी असतात आणि रुमालात बांधलेली असतात. ईपबचेही तसेच. वरून एक फाइल दिसते, पण ती गाठ सोडली तर आत प्रत्येक प्रकरणाचे निराळे पान निघते. त्यांशिवाय एक पान असे असते की जे वाचकाला कधी दिसत नाही. त्यावर ग्रंथाचे नाव, कर्ता, भाषा, ओळखीची खूण आणि पानांचा क्रम लिहिलेला असतो. हस्तलिखित पोथीच्या शेवटी लेखक आपले नाव, गाव व तिथी घालून, जसे पाहिले तसे लिहिले, मला दोष देऊ नये, अशी विनवणी करी. त्या पुष्पिकेचा हा नवा अवतार. मेटाडेटा असे त्याला म्हणतात. यंत्र पुस्तकांची यादी दाखविते ती ह्याच पानावरून, मजकूर वाचून नव्हे.

आणि ह्या पानाचीच सर्वांत अधिक हेळसांड होते. एका फाइलीत 'पु. ल. देशपांडे', दुसरीत मध्ये जागा न सोडता 'पु.ल.देशपांडे' आणि तिसरीत 'देशपांडे, पु. ल.' असे असले, तर यंत्राच्या मते हे तीन लेखक होतात व तीन ठिकाणी राहतात. कित्येक फाइलींना कर्ताच नसतो. त्या 'अज्ञात' ह्या एकाच गृहस्थाच्या नावावर जमा होतात, आणि बहुतेक घरांतून सर्वांत बहुप्रसव ग्रंथकार तोच असतो.

ही अव्यवस्था आवरण्याचे जे साधन आज जगभर वापरले जाते ते कॅलिबर होय. त्याचा जन्मही एका वाचकाच्या अडचणीतून झाला. सोनीचे वर सांगितलेले यंत्र लिनक्स प्रणालीच्या संगणकाशी बोलेना; तेव्हा कोविद गोयल ह्या भारतीय तरुणाने ३१ ऑक्टोबर २००६ रोजी ते बोलके करण्यासाठी एक कार्यक्रम लिहावयास घेतला. २००८ साली त्याला कॅलिबर हे नाव मिळाले. ते विनामूल्य असून त्यात पुस्तकांची सूची ठेवता येते, एका प्रकारची फाइल दुसऱ्या प्रकारात नेता येते, आणि ईपबची गाठ सोडून आतल्या पानावर लेखणीही चालविता येते. ह्याच कामासाठी २००९ साली सिजिल नावाचे दुसरे साधन निघाले.

कॅलिबर वापरणाऱ्याने एक भेद ओळखून असणे अगत्याचे आहे. सूचीत केलेली दुरुस्ती आणि फाइलीत केलेली दुरुस्ती ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सूचीत ग्रंथनाम सुधारले तरी संग्रहातील मूळ फाइलीत ते तत्काळ उतरत नाही. फाइल यंत्रावर धाडताना किंवा अन्यत्र साठविताना ते तीत लिहिले जाते. ह्याचा अर्थ असा की घरच्या संगणकावरील प्रत आणि हातातील यंत्रावरील प्रत ह्यांची नावे एकच असूनही त्या एक नसतील. ईपबचे ईपबातच पुन्हा रूपांतर केल्यास मात्र कॅलिबर पूर्वीची फाइल 'ओरिजिनल' अशा नावाने बाजूस ठेवते. म्हाइंभटांच्या परंपरेतील माणसाला ही योजना पसंत पडली असती. वाचकाने स्वतः केलेल्या खुणा व टिपणे ह्यांची तर आणखीच नाजूक गोष्ट. यंत्रात ती मजकुरातील स्थानाला बांधलेली असतात. सुधारलेली फाइल जुनीच्या जागी घातली की स्थाने सरकतात, आणि टीप एका वाक्याची असून दुसऱ्याच वाक्याला जाऊन चिकटते. म्हणून टिपणे आधी बाहेर उतरवून घ्यावी आणि मग फाइल बदलावी.

मराठीच्या बाबतीत ह्याहून खोल अडचण अक्षरांची आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी, आणि मुद्रणालयांतून त्यानंतरही पुष्कळ काळ, मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या फॉन्टांत टंकला जाई. ह्या फॉन्टांची युक्ती अशी होती की संगणकाच्या दृष्टीने ते इंग्रजी अक्षरच राही. फक्त त्याचे चित्र देवनागरी काढलेले असे. फॉन्ट जवळ असेल तोवर सर्व ठीक. तो नसला की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक सडा पडे. सकळ लिपीचीच ही रीत! एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर, आणि किल्ली ज्याच्याजवळ त्यालाच वाचता येणार. भेद इतकाच की रवळोबासांची लिपी जाणून रचलेली होती, ही नकळत झाली. गेल्या शतकाच्या अखेरीस टंकलेला किती मराठी मजकूर अशा रीतीने कुलूपबंद होऊन पडला आहे, ह्याचा विचार ग्रंथसंस्थांनी करावयास हवा.

अशा मजकुराचे युनिकोडात रूपांतर करताना ऱ्हस्व इकार हटकून दगा देतो. डोळ्याला 'कि' ह्या अक्षरात वेलांटी आधी दिसते, आणि जुन्या फॉन्टांत ती टंकलीही आधीच जाई. युनिकोडात क आधी आणि वेलांटी मागून. रूपांतर अर्धवट झाले की वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते व अर्थाचा अनर्थ होतो. तरी ही चूक निदान दिसते. न दिसणारी अधिक त्रासाची. 'दुसऱ्या' ह्या शब्दातील अर्धा रफार युनिकोडात दोन निरनिराळ्या रीतींनी लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे. परंतु यंत्राला एका रीतीने शोधावयास सांगितले तर दुसऱ्या रीतीने लिहिलेला शब्द त्याला सापडेलच असे नाही. 'ॲ' ह्या अक्षराला युनिकोडात स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली. तत्पूर्वीच्या फाइलींत ते अ वर चंद्र काढून लिहिलेले असावयाचे. तेव्हा 'ॲडव्होकेट' शोधावयास निघालेल्या वाचकाला एका फाइलीत तो भेटतो, दुसरीत नाही, आणि दुसरीत तो शब्दच नाही असा त्याचा ग्रह होतो. पोथ्यांच्या नकलाकारांनी चुका केल्या त्या निदान पानावर डोळ्यांपुढे राहिल्या.

प्रत कोणाच्या ताब्यात असावी, हा प्रश्नही पुन्हा उभा राहिला आहे. २००९ च्या जुलै महिन्यात ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या '१९८४' व 'ॲनिमल फार्म' ह्या पुस्तकांच्या काही प्रती, विकणाऱ्यास त्यांचा हक्क नव्हता म्हणून, गिऱ्हाइकांच्या किंडलमधून दुरूनच काढून घेतल्या व पैसे परत केले. मिशिगन संस्थानातील एका विद्यार्थ्याची अभ्यासाची टिपणे त्यामुळे निरुपयोगी झाली. नजर ठेवणाऱ्या सत्तेविषयीचेच पुस्तक असे नाहीसे व्हावे, ह्या योगायोगावर जगभर लिहिले गेले. कंपनीच्या प्रमुखाने पुढे जाहीर क्षमा मागितली. २६ फेब्रुवारी २०२५ पासून, विकत घेतलेले किंडलचे पुस्तक संगणकावर उतरवून तारेने यंत्रात घालण्याची जुनी सोयही बंद करण्यात आली. खालशाच्या धाडीनंतर ग्रंथ वाचला तो हिराइसेच्या स्मरणात होता म्हणून. दूरच्या भांडारात एकच प्रत आणि घरी काही नाही, अशी व्यवस्था पत्करणाऱ्याने ती जाणून पत्करावी.

लीळाचरित्रासारखा ग्रंथ आज कोणी फाइलरूपाने हाती दिला तर वाचकाने प्रथम काय पाहावे? मजकूर कोणत्या आवृत्तीचा, हे. नेने, तुळपुळे आणि कोलते ह्यांच्या आवृत्त्या शब्दशः एक नाहीत; कोणती लीळा आहे, कोणती नाही, आणि कोणत्या क्रमाने, हे त्या त्या आवृत्तीवर अवलंबून आहे. फाइल करणाऱ्याने तळटिपा अडगळ म्हणून काढल्या आणि मुखपृष्ठावर म्हाइंभटांचे एकट्याचे नाव ठेवले, तर सात शतके नावानिशी चालत आलेले पाठ एका दिवसात बेवारस होतात. मजकूर वाचनीय राहतो. पण लोणारच्या भेटीची हकिकत वाचणाऱ्याला ती कोणाच्या मुखातून आली हे विचारण्याची वाट उरत नाही. अशी फाइल पुढे दहा घरी गेली, प्रत्येकाने आपल्या परीने दोन शब्द 'सुधारले', म्हणजे मूळ शोधणाऱ्या उद्याच्या संपादकाला कोलते ह्यांच्याहून कठीण काम करावे लागेल. त्यांच्यापुढील पोथ्यांना निदान हस्ताक्षर, कागद आणि शाई तरी होती. फाइलीला हस्ताक्षर नसते.

ह्यावरचा उपाय फाइलीतच आहे. २०११ साली सिद्ध झालेल्या ईपबच्या तिसऱ्या नियमावलीप्रमाणे तळटीप शब्दावर बोट ठेवताच तेथल्या तेथे उघडता येते. पाठभेद दाखविण्यास ह्याहून सोयीची रीत छापील पानालाही साधलेली नाही. त्या न दिसणाऱ्या पानावर मजकूर कोणत्या ग्रंथावरून घेतला ह्यासाठी एक रकाना आहे, फाइल शेवटी कधी बदलली ह्यासाठी एक, आणि संपादकासाठीही जागा आहे. दुरुस्ती करणाऱ्याने मूळ फाइल हात न लावता वेगळी ठेवावी, काम दुसऱ्या प्रतीवर करावे, आणि काय बदलले ते शेवटी एका पानावर लिहून पुस्तकाच्या गाठोड्यातच बांधावे, म्हणजे 'शोधु' लिहिण्याची जुनी रीत यंत्रातही चालू राहते.

कॅलिबरच्या सूचीत मात्र कर्त्याला रकाना आहे, प्रकाशकाला आहे, मालिकेला आहे, संपादकाला नाही. ज्याला तो हवा त्याने तो स्वतः निर्माण करावयाचा असतो, आणि तशी सोय त्यात ठेवलेली आहे. रकाना उघडून लीळाचरित्रापुढे विष्णु भिकाजी कोलते हे नाव आणि १९७८ हे वर्ष घालावयास अर्धे मिनिट लागते.